मदत हवी आहे: सुनेच्या पणजोबांचं स्पेनमधलं गाव शोधायचंय

नमस्कार मंडळी. माझी सून ब्युनोस आयर्सची. तिचे पणजोबा १९१२ साली विगो बंदरातून बोटीने अर्जेंटिनाला गेले, ते परतलेच नाहीत. मे महिन्यात तिला घेऊन गॅलिसियाला (स्पेनचा वायव्येकडचा भाग, विगो तिथलंच) जायचंय. हाताशी एकच फोटो: पणजोबांच्या मागे खांबांवर उभं दगडी धान्याचं कोठार, उलट बाजूला पेन्सिलीने पुसट ‘सांता मारिया’. पण तिकडे या नावाची पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती) ढीगभर आहेत! स्पेनमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८७१ पासूनची, पणजोबांचा जन्म १८९०चा, म्हणजे नोंद असायला हवी. पण गावच माहीत नसताना अर्ज करायचा कुठे? गॅलिसियातल्याच सांतियागो शहरातल्या सान मार्तिन पिनारिओ मठात चर्चचं जुनं दप्तर आहे, तिथे बाप्तिस्म्याच्या वह्या कुणी पाहिल्यात का? आधी वेळ घ्यावी लागते का? कृपया सांगा. पोरीला त्या कोठारापाशी एकदा उभं राहायचंय.