मदत हवी आहे : वेल्समधला दुसरा किल्ला कोणता बघावा?

मे महिन्यात आईबाबा मँचेस्टरला येतायत. बाबा पक्के गडवेडे, पण आता गुडघे कुरकुरतात. गाडी नाही, ट्रेन-बसनेच फिरणार. कॉनवी नक्की आहे: इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, आणि स्टेशन थेट गावाच्या जुन्या तटबंदीच्या आत!

प्रश्न दुसऱ्या किल्ल्याचा. हार्लेक उंच कातळावर. पूर्वी समुद्र पायथ्याशी होता, आता बराच मागे हटलाय. बोमारिस सपाटीवर, खंदकासह, एकात एक दुहेरी तट, पण १२९५ ला सुरू होऊन अर्धवटच राहिलेला. मला तोच जास्त खुणावतोय, बाबांना मात्र उंचावरचाच हवा. हार्लेक स्टेशनवरून वरचा चढ ज्येष्ठांना झेपतो का? टॅक्सी मिळते? बँगोरहून बोमारिसची बस रविवारी असते का?