'स्लाइस'ला काय म्हणावं: छेद, काप की चकती?

शाळाबाई, इंदूर: विज्ञान प्रदर्शनासाठी क्ष-किरण टोमोग्राफीवर, म्हणजे दगडासारखी वस्तू न कापता तिच्या आतले थर दाखवणाऱ्या तंत्रावर, मराठी फलक लिहितेय. आपल्या कॅटमधल्या (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, इमेजिंगची बीमलाइन (किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट) आहे, म्हणून हाच विषय घेतला. 'स्लाइस'ला कोशात 'छेद' मिळाला. मुलांनी विचारलं, "बाई, दगडाला भोक पाडतात का?" इथे हिंदीतला छेद आधी कानात वाजतो. दुसरा शब्द सुचवा.

गच्चीवरून: 'काप' घ्या. ग्रीक 'टोमॉस' म्हणजे कापच. आमच्याकडे वांग्याचे काप रोजच्या बोलण्यातले.

बीमलाइनवाला: काप म्हटलं की सुरी आली. इथे नमुना १८० अंश फिरतो, क्ष-किरणांचा सिंटिलेटरमध्ये दृश्य प्रकाश होतो आणि कॅमेरा सावल्या टिपतो. आतला थर गणितातून उभा राहतो. ते गणित राडोन या गणितज्ञाने १९१७ सालीच मांडलंय. मी 'चकती' म्हणतो. फलकावर डेटाचा आकारही लिहाच. २०४८ बाय २०४८ पिक्सेलची, १६ बिटांची एक सावली सुमारे ८ एमबी. १५०० सावल्या म्हणजे १२ जीबी. सेकंदाला हजार टिपल्या तर सेकंदाला ८ जीबी! साध्या डिस्कला ते झेपत नाही, म्हणून आधी कॅमेऱ्याच्याच मेमरीत ठेवतात.

शुद्धमराठी: 'डेटा' कशाला? 'विदा' आहे ना, विद् धातूपासून. 'विदागार'ही चालतंय.

गच्चीवरून: पुण्यात चालत असेल. इंदुरात 'कच्चा विदा' वाचला की नवरीची पाठवणी आठवते.

शुद्धमराठी: तो हिंदी विदा अरबीतून आलेला, याच्याशी त्याचं नातं नाही. हिंदीला घाबरून एकेक शब्द सोडत गेलो, तर होळकरांच्या गावात आपली मराठी उरेल किती?

गच्चीवरून: फलक वाचणाऱ्याला व्युत्पत्ती कुठे दिसते? इथली मराठी घराघरांत बोलली गेली म्हणून टिकली. आमची आजी 'रेडिओ'च म्हणायची, तिच्या मराठीला कुणी नावं ठेवली नाहीत.

शुद्धमराठी: रेडिओ ही वस्तू होती, घरात आली ती नावासकट. डेटा ही कल्पना आहे. कल्पनांना आपले शब्द नसतील, तर मुलं विज्ञानाचा विचार मराठीत करणार कशी?

शाळाबाई: फलक शनिवारी लावायचाय. काप की चकती, तेवढं सांगा.

शुद्धमराठी: सांगतो. पण बाई, क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरला 'शोधक' लिहिलंत ना?

बीमलाइनवाला: 'शोधक' नको हो, तो शोध लावणारा माणूस वाटतो. 'संवेदक' बरा.

शुद्धमराठी: संवेदक म्हणजे सेन्सर. डिटेक्टरमध्ये सिंटिलेटरही आला ना?