परदेशात अडकलेल्या नागरिकासाठी सरकारने किती ताणायचं?

वाटसरू (धागाकर्ता)
कुणी परदेशात पकडलं गेलं किंवा कुणाला पळवून नेलं की दोन दिवसांत ओरडा सुरू, सरकार झोपलंय का, दूतावास काय करतोय वगैरे. मी जरा उलट बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. तिकडे जाऊ नका असं स्वतःच्या सरकारने लेखी बजावलेलं असताना लोक हौसेने जातात, व्हिडिओ काढतात, आणि अडकले की सुटकेचा खर्च बाकीच्यांनी भरायचा? फ्रान्सने २०१० मध्ये सरळ कायदा केला, इशारा डावलून धोक्याच्या भागात गेलात तर सरकार सुटकेचा खर्च मागू शकतं. जर्मनीने तर कोलंबियात ओलीस राहिलेल्या पर्यटक बाईकडे हेलिकॉप्टरचे बारा हजारांवर युरो मागितले, बाई कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये हरल्या. मला हे बरोबर वाटतं. सोडवा जरूर, पण बिल द्या.

निळी शाई
साफ असहमत. तुमच्या डोक्यात पाठीवर सॅक टाकून निघालेला पर्यटक दिसतोय, अडकणारे बहुतेक पोटासाठी गेलेले असतात हो. म्यानमारचे ते सायबर फसवणुकीचे अड्डे घ्या. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी सांगून नेलं, नदीपलीकडे म्यावाडीला नेऊन पासपोर्ट काढून घेतले आणि मग दिवसरात्र लोकांना ऑनलाइन गंडवायला बसवलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय तिथून परत आणले. यांच्या हातात बिल ठेवायचं?

वाटसरू
ते फसवले गेलेले, त्यांचं वेगळं. मी हौशी लोकांबद्दल बोलतोय.

निळी शाई
पण हौशी कोण आणि फसलेला कोण हे ठरवणार कोण? खिडकीमागे बसलेला क्लार्क? आणि बिलाच्या भीतीने घरच्यांनी फोनच उशिरा केला तर? पहिले काही दिवसच काय ते हातात असतात.

खडूस काका
अरे बिलावर काय भांडताय, ती चिल्लर आहे. खरा प्रश्न खंडणीचा. न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ मध्ये हिशोब मांडला होता, २००८ पासून अल कायदा आणि तिच्या शाखांनी अपहरणांतून किमान साडेबारा कोटी डॉलर कमावले, आणि त्यातला मोठा वाटा युरोपातल्या सरकारांचा. म्हणजे एकाची सुटका करून पुढच्या दहा जणांना पळवायचं भांडवल आपणच पुरवायचं. कैदी सोडणं तर त्याहून महाग. १९९९ ला कंदाहारला पळवलेल्या विमानातल्या प्रवाशांसाठी तिघे सोडले, त्यातल्या मसूद अझरने पुढच्याच वर्षी जैश काढली. इस्रायलने २०११ मध्ये एका सैनिकासाठी १०२७ कैदी सोडले, त्यात हमासचा याह्या सिनवार होता, ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यामागचा.
आता ‘तुमच्या घरचं कुणी असतं तर’ हे कुणीतरी विचारणारच, तर आधीच सांगतो. मी घर विकून पैसे दिले असते. म्हणूनच हा निर्णय माझ्या हातात नको.

लाटांपल्याड
काका, आमच्या घरात दोघं जहाजावर आहेत म्हणून लिहितेय. ॲस्फाल्ट व्हेंचर नावाचं जहाज सोमाली चाच्यांनी २०१० मध्ये धरलं. २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण सात भारतीय खलाशी त्यांनी ठेवून घेतले, का तर भारताने समुद्रात त्यांचे साथीदार पकडले होते. हे सात जण ऑक्टोबर २०१४ ला सुटले. नौदलाने चाचे पकडू नयेत असं मी म्हणत नाहीये, पण सरकारच्या कडकपणाची किंमत त्या सात घरांनी मोजली आणि आपण इथे बसून ‘कणखर भूमिका’ म्हणतो याचा राग येतो. ज्या सरकारमुळे ही वेळ आली त्याने निदान दर आठवड्याला एक फोन तरी करावा घरी, काहीच हललं नसलं तरी.

खडूस काका
फोनचं शंभर टक्के मान्य. पण पैसे पोचूनही माणसं सुटली नाहीत, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं ताई. त्यापेक्षा मार्च २०२४ चं रुएन जहाज बघा, नौदलाने १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे धरून आणले.

लाटांपल्याड
ते समुद्रात होतं. माणसं किनाऱ्यावर आत नेऊन ठेवली की कमांडो पाठवून दाखवा.

कलम छत्तीस
मंडळी, अपहरण आणि अटक यांची भेळ होतेय. अटकेत समोर दुसरं सरकार असतं, तिथे कामाला येतो १९६३ चा व्हिएन्ना करार. त्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे पकडलेल्याला ‘तुझ्या वकिलातीला कळवू का’ हे विनाविलंब सांगायला लागतं. वकिलातीचे लोक भेटू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात, निरोप पोचवतात. बाहेर काढू शकत नाहीत, तो अधिकार त्यांच्याकडे नाहीच. आणि कलम मोडलं तर? ॲरिझोनात दोन जर्मन भावांना हे वेळेवर सांगितलंच नाही, १९९९ मध्ये दोघांना मृत्युदंड दिला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिका चुकली असं २००१ मध्ये सांगितलं. म्हणजे निकाल जिंकला, माणसं गेलेली. कुलभूषण जाधव प्रकरणात २०१९ ला पाकिस्ताननेही हेच कलम मोडल्याचं ठरलं, पण सुटकेची मागणी कोर्टाने मानली नाही.

पोस्टमन
ते कलम आमच्या घराने भोगलंय. चुलतभाऊ आखातात चार महिने आत होता, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलेला आणि वर चोरीची तक्रार. आम्ही वकिलातीला फोन करकरून थकलो, उत्तर एकच, ठरलेल्या नमुन्यात मेल करा. वकिलातीचा माणूस भेटीला गेला तेव्हा कळलं की पहिल्याच दिवशी त्याने एका कागदावर सही केली होती, वकिलातीला कळवू नका असं त्यात लिहिलेलं. कागद अरबीत, त्याला वाटलं सामानाची पावती. कैद्याने मागितलं तरच कळवायचं, अशी ती मेख आहे. त्यामुळे वाटसरू, तुमच्या बिलाचं नंतर बघू, आधी जाणाऱ्याला विमानात बसण्यापूर्वी ‘माझ्या वकिलातीला कळवा’ एवढं एक वाक्य तरी कुणी शिकवा.

वाटसरू
हे मला खरंच माहीत नव्हतं. बिलाबद्दल मत कायम आहे, पण अटकेच्या केसेस त्यातून वगळतो.

निळी शाई
वगळून भागत नाही, मधलाच एक प्रकार आहे ना. माणूस अटकेत, पण खरी मागणी दुसरीच. इराणच्या शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, काळात पैसे भरलेल्या पण न मिळालेल्या रणगाड्यांचे जवळपास ४० कोटी पौंड ब्रिटनकडून इराणला येणं होतं. मार्च २०२२ मध्ये ते चुकते झाले आणि तेव्हाच तिथे अडकलेले दोन ब्रिटिश-इराणी नागरिक घरी आले. आता याला उधारी फेडली म्हणायचं का खंडणी दिली? काका?

खडूस काका
देणं होतं तर आधीच द्यायचं होतं. माणसं आत गेल्यावर दिलं की ती खंडणीच, नाव काहीही ठेवा.

निळी शाई
म्हणजे देणं खरं असूनही तुम्ही दिलं नसतं?

खडूस काका
... दिलं असतं. पण जाहीर न करता.

लाटांपल्याड
आलात ना घराच्या बाजूला :)

खडूस काका
अर्धा. अमेरिकेने २०१५ मध्ये हेच तर केलं, सरकार झुकणार नाही, पण घरच्यांनी खंडणी दिली तर त्यांच्यावर खटला नाही. याला धोरण म्हणायचं का डोळे मिटून घेणं, ते तुम्ही ठरवा. मी जेवून येतो.