मास इफेक्ट ॲन्ड्रोमेडा: चेहरे दुरुस्त झाले, गोष्टीचं काय?

पंचवटीकर
मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेम मालिकेतली ॲन्ड्रोमेडा नवख्याला सुचवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या नाशिकच्या ग्रुपमधल्या दोघांनी गंगापूर रोडच्या भेटीत एका कॉलेजच्या मुलाला सांगितलं, "थेट हीच घे, सेलमध्ये स्वस्त मिळते, आधीचे भाग खेळायची गरज नाही." म्हणून हा धागा.

मार्च २०१७ मध्ये गेम आली तेव्हा सगळे चेहऱ्यांवर तुटून पडले. निर्जीव डोळे, अवघडलेली चाल. एप्रिलमध्ये दुरुस्तीचा पॅच आला आणि त्यातलं बरंच सुधारलं. माझी तक्रार चेहऱ्यांची नाहीच. पहिल्या तीन भागांत (२००७, २०१०, २०१२) आपला सेव्ह, म्हणजे आधी घेतलेले निर्णय, पुढच्या भागात जायचा. व्हर्मायर ग्रहावर ॲशली किंवा केडन, या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता यायचं, आणि गेलेलं माणूस पुढे कायमचं गेलेलं असायचं. क्रोगन या परग्रही जमातीतला साथीदार रेक्स तिथेच मारला गेला, तर तिसऱ्या भागात क्रोगनांचा पुढारी वेगळा असतो आणि त्यांची प्रजा वाढू न देणाऱ्या जेनोफेज या रोगाचा निर्णय घेताना मनात वेगळेच विचार येतात. मी तो सीन संपल्यावर कंट्रोलर खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

ॲन्ड्रोमेडात इओस ग्रहावरची पहिली वसाहत लष्करी हवी की संशोधनाची, असं मोठ्या गांभीर्याने विचारतात. पुढे फरक काय पडतो? थोडेफार संवाद बदलतात. एवढ्यासाठी माणसाने विचार कशाला करायचा?

सिडकोकर
त्या भेटीत सल्ला देणारा एक मीच. भाऊ, अख्ख्या मालिकेत लढायला सगळ्यात भारी गेम हीच आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे? जेटपॅकने उडी मारायची, हवेत थांबून नेम धरायचा, डॅश मारून शत्रूच्या मागे जायचं. क्लासचं (लढवय्याच्या ठरावीक प्रकाराचं) बंधन नाही, लढाई चालू असताना प्रोफाइल (कौशल्यांचा संच) बदलता येतं. पहिल्या भागात आडोशाला चिकटून गोळ्या झाडत बसावं लागायचं. आजचा मुलगा तिथे कंटाळून सोडून देईल, मग त्याला तुझा रेक्स कधी भेटणार?

पंचवटीकर
लढाई उत्तम आहे, त्यावर वाद नाही. पण रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममध्ये, लढाई कशासाठी करतोय हे महत्त्वाचं. ६३४ वर्षं झोपून दुसऱ्या आकाशगंगेत पोचायचं, आणि तिथे बोलायला-भांडायला नवीन जमाती दोनच: अंगारा आणि केट. त्यातले केट बहुतेक वेळ गोळ्या खायलाच समोर येतात.

देवळाली_डेव्ह
मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून थोडं बनवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. ही गेम फ्रॉस्टबाइट इंजिनवर बनली; इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभी राहते ते मूळ सॉफ्टवेअर. ते इंजिन मुळात बॅटलफील्डसारख्या नेमबाजीच्या गेमसाठी तयार झालेलं, रोल-प्लेइंगला लागणारं बरंच काही त्यात आधी नव्हतंच. त्यात सुरुवातीला टीमने शेकडो ग्रह प्रोग्रामनेच तयार करायचं ठरवलं होतं. तो बेत फसला, संख्या खाली आली, आणि पाच वर्षांच्या कामातला बहुतेक खेळ शेवटच्या दीडेक वर्षात उभा राहिला. जून २०१७ मध्ये कोटाकू या गेमविषयक वेबसाइटने आतल्या लोकांशी बोलून हे सगळं सविस्तर छापलं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी रिलीज सांभाळताना किती दमछाक होते, ते मी रोज बघते. या लोकांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पंचवटीकर
ताई, आळशी मी कुणालाच म्हटलं नाही. तुम्ही सांगितलेलं कारण पटतं. पण नव्या मुलाने पैसे आणि वेळ द्यायचा तो हातात आलेल्या गेमसाठी, कारणांसाठी नाही.

मेरी_वाली_रायडर
मी ॲन्ड्रोमेडा आधी खेळले आणि मग लेजेंडरी एडिशन (पहिले तीन भाग एकत्र) घेतली. म्हणजे तुमच्या मते जो चुकीचा क्रम, तोच. मला ॲन्ड्रोमेडाची नायिका सारा रायडर खूप आवडली. पहिल्या तीन भागांचा नायक शेपर्ड पहिल्या मिनिटापासून नावाजलेला सैनिक असतो. सारा बावीस वर्षांची आहे, वडील पहिल्याच मोहिमेत जातात आणि पाथफाइंडरची, म्हणजे राहायला नवी जागा शोधणाऱ्या म्होरक्याची, जबाबदारी अंगावर पडते. तिला जमत नाही, ती अडखळते, आणि आजूबाजूचे तिच्यावर उघड शंका घेतात. हे मला जवळचं वाटलं. ड्रॅक आणि लियम या साथीदारांच्या लॉयल्टी मिशन (त्यांच्या स्वतःच्या गोष्टीच्या मोहिमा) पुन्हा खेळून बघा. आणि निर्णयांना वजनच नाही, हे सरसकट कसं म्हणता? ड्रॅकचे क्रोगन स्काउट वाचवायचे की सॅलेरियन जमातीची पाथफाइंडर राएका, तिथे मी खूप वेळ अडकले होते.

पंचवटीकर
राएकाचा प्रसंग चांगला आहे, हे मान्य. तसे प्रसंग जागोजागी हवे होते, हेच माझं म्हणणं. आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. साराच्या वडिलांच्या आठवणी उलगडत जाताना कळतं की आईला आजारातच गोठवून सोबत आणलंय. मोहिमेची संस्थापक जिएन गार्सनचा खून झालाय, आणि या मोहिमेला पैसा पुरवणारा बेनिफॅक्टर कोण ते कुणालाच माहीत नाही. शेवटी क्वेरियन या आणखी एका जमातीच्या जहाजाचा संदेश येतो. एवढे धागे सुरू केले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की एकट्याने खेळायच्या भागासाठी आता काही येणार नाही. क्वेरियन जहाजाची गोष्ट नंतर कादंबरीत उरकली. तुम्हाला सारा आवडली ना ताई? मग तिची गोष्ट अशी अर्धी सोडली याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त राग यायला हवा.

मेरी_वाली_रायडर
येतोच. पण तो पुढचा भाग थांबवणाऱ्यांचा. साराचा नाही, गेमचा नाही.

सिडकोकर
बरोबर. आणि त्या मुलासाठी माझा सल्ला अजून तोच. पहिला भाग जुनाट वाटतो म्हणून मालिका सोडलेले माझ्याच ओळखीत आहेत.

पंचवटीकर
२०२१ च्या लेजेंडरी एडिशनमध्ये पहिल्या भागाची नेमबाजी आणि माको या गाडीची ड्रायव्हिंग दोन्ही सुधारल्या आहेत. तीही सेलमध्ये उतरते आणि तिन्ही भाग एकत्र मिळतात. त्याला व्हर्मायरपर्यंत तरी पोचू द्या. तिथेही कंटाळला, तर तुमची ॲन्ड्रोमेडा त्याला मी स्वतः घेऊन देतो.

देवळाली_डेव्ह
त्याच्या लॅपटॉपवर दोन्हीपैकी काय चालेल ते कुणी विचारलंय का? आधी कॉन्फिगरेशन टाका इथे.