‘एरोटिकॉन’ (१९२०): कुणालाच शिक्षा नाही, मग हा विनोद धीट की पोकळ?

जुनी रीळ
मॉरिट्झ स्टिलरचा ‘एरोटिकॉन’ हा स्वीडिश मूकपट पाहिला. (याच नावाचा १९२९ चा चेक मूकपटही सापडतो, तो वेगळा.) नावाला बिचकू नका, आजीबरोबर बसून बघता येईल इतका सभ्य आहे.

प्राध्यापक शार्पांतिए कीटकशास्त्रज्ञ. झाडाच्या सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या संसारावर रंगून व्याख्यानं देतो, स्वतःच्या संसारात काय चाललंय याचा पत्ता नाही. बायको इरेन बॅरन फेलिक्सबरोबर विमानातून फिरते, पण जीव जडलाय नवऱ्याच्या मित्रावर, शिल्पकार प्रेबेनवर. घरात नात्यातली तरुण मार्था, प्राध्यापकाला आवडीचं रांधून घालणारी. शेवटी इरेन प्रेबेनची होते, मार्था प्राध्यापकापाशी राहते आणि प्राध्यापकाला चक्क सुटल्यासारखं वाटतं!

नवरा सोडणाऱ्या बाईनं एक तर जीव द्यायचा नाही तर रडत परत यायचं, हा मेलोड्रामाचा ठरलेला रिवाज. स्टिलर तो मोडतो आणि वर हसतो. माझ्या मते त्या वर्षातली याहून धीट कॉमेडी नसेल.

कडू कारलं
असहमत. धीटपणा कसला? कुणाचं काही जातच नाही. फर कोट, विमान, ऑपेराचा बॉक्स, हाताखाली नोकरचाकर. अशा घरात घटस्फोट म्हणजे दिवाणखान्यातलं फर्निचर हलवणं. हीच इरेन एखाद्या कारकुनाची बायको असती तर स्टिलरला हसू सुचलं असतं का?

आणि मार्थाचं काय? वेळेवर ताट वाढणारी मिळाली म्हणून बायको गेल्याचं दुःख नाही, यात क्रांती कुठे दिसली तुम्हाला?

जुनी रीळ
कारलंसाहेब, पैशाचा मुद्दा अर्धा बरोबर. पण स्वीडनमध्ये १९१५ च्या कायद्यानं परस्परसंमतीच्या घटस्फोटाची वाट मोकळी केली होती. १९२० मध्ये नवा विवाह कायदा झाला आणि बायकोवरचं नवऱ्याचं कायदेशीर पालकत्व गेलं. १९२१ मध्ये बायकांनी संसदेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. म्हणजे थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्यात हे विषय चालूच होते. ही हवेतली गंमत नव्हती.

ओंडका
भुंगेऱ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सालीखाली राहणारा हा कीटक स्वीडनच्या जंगलांचा मोठा शत्रू आहे. नर आधी साल पोखरून एक छोटी खोली करतो, मग तिथे बहुधा दोन-तीन माद्या येतात. प्रत्येक मादी तिथून आपला स्वतंत्र बोगदा कोरत जाते आणि त्याच्या कडेनं अंडी घालते. साल उचकटली की अख्खं घराणं नकाशासारखं दिसतं. म्हणजे प्राध्यापकाचं व्याख्यान नुसता चावटपणा नाही, त्यामागे खरं शास्त्र आहे. तरी समोरचे श्रोते ज्या तोंडानं ऐकतात, ते बघून मी हसून लोळलो.

पडद्यामागे
+१. मला यातला ऑपेराचा प्रसंग फार मोठा वाटतो. स्टिलरनं चित्रपटासाठी खास बॅले रचून घेतला: संगीत कुर्ट आटरबेर्ग यांचं, नृत्य कारीना आरी यांचं. रंगमंचावर शहा, त्याची राणी आणि शहाचा मित्र. खाली प्रेक्षागारात प्राध्यापक, इरेन आणि प्रेबेन. संवादाची पाटी न दाखवता नुसत्या नजरांवर तो प्रसंग उभा राहतो. एक जण रंगमंच बघतोय, दुसरा तिसऱ्याला, आणि प्राध्यापकाला काहीच दिसत नाही. मूकपटाला शब्दांची गरज नसते, हे इथे पटतं. विनोदी चित्रपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच याच्यावर या चित्रपटाचा प्रभाव मानतात तो उगीच नाही.

अवांतर: त्याच १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला. आपल्याकडे तेव्हा पडद्यावर बाईनं काम करणं हीच बातमी होती.

कडू कारलं
लुबिच मोठा म्हणून स्टिलर मोठा, हे कुठलं गणित? बॅले देखणा आहे, मान्य. पण तो इतका लांबतो की विनोद बिचारा विंगेत उभा राहून पेंगतो. हसायचंच असेल तर स्टिलरचाच १९१७ चा ‘थॉमस ग्राल्स बेस्टा फिल्म’ बघा. पटकथालेखक आपल्या पळून गेलेल्या सेक्रेटरीवर मनानंच कथा रचत बसतो, आणि खरी पोरगी त्याच्या कल्पनेतल्या गरीब बिचारीसारखी अजिबात नसते. तिथे व्हिक्टर शोस्ट्रोम आणि कारीन मोलांडर धमाल करतात. ‘एरोटिकॉन’मध्ये माणसं कमी, कपडे जास्त.

सई वाचते
तुम्ही दोघंही इरेनला नीट बघत नाही आहात. जुनी रीळ तिला क्रांतिकारक करतात, कारलं तिला श्रीमंतांची बाहुली. बॅरनबरोबर उडणं हा तिचा वेळ घालवण्याचा धंदा आहे. प्रेबेनला मात्र वाटतं की तिचं बॅरनशी सूत आहे, आणि त्यानंच तो जळतो. संशय घेणारा नवरा नाही, मित्र! इथे मला खरी गंमत दिसते. इरेन झालेली तोरा तेये रॉयल ड्रामॅटिक थिएटरची नटी, पण हातवारे नाहीत की छाती पिटणं नाही. भुवई जरा उचलते आणि समोरचा पुरुष गार.

आणि कारलंदादा, मार्थाची कीव करू नका. ती त्या घरातली सगळ्यात धूर्त व्यक्ती आहे. हीच भूमिका तुमच्या लाडक्या कारीन मोलांडरनं केलीय, विसरलात? प्राध्यापकाला ताट वाढताना तिचा चेहरा पुन्हा बघा. भाबडेपणा पांघरून ती हवं ते पदरात पाडून घेते.

कडू कारलं
सईताई, मोलांडरबाईंबद्दल तक्रार नाहीच. पण धूर्तपणे मिळवायचं काय, तर भुंग्यांवर बोलणारा नवरा?

ओंडका
भुंग्यांवर बोलणाऱ्या नवऱ्यांना इतकं कमी लेखू नका. आमच्या घरी चालतं.

जुनी रीळ
😀 कारलंसाहेब, पुनर्संचयित प्रत मॅटी बाय यांच्या संगीतासह आहे, ती बघितलीत की विनासंगीत? विनासंगीत असेल तर बॅलेबद्दलची तुमची तक्रार बाद. आणि ‘थॉमस ग्राल’वर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.