गॅसलाइटिंग, घोस्टिंग आणि साधासुधा 'पुट'

'गॅसलाइटिंग म्हणजे खोटं बोलणं का?' हा प्रश्न सध्या फार वेळा येतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करू. उत्तर नाही असंच आहे. एखादा खोटं बोलला, पकडला गेला, विषय मिटला, तर ते नुसतं लायिंग. गॅसलाइटिंगमध्ये समोरच्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडावा अशा रीतीनं त्याला सतत काहीबाही ऐकवलं जातं. 'मी असं म्हणालोच नव्हतो', 'तू हल्ली फार विसरतेस', 'तुझ्याच मनाचे खेळ आहेत हे', असं महिनोन्महिने कानावर पडलं की ती बाई शेवटी स्वतःवरच शंका घ्यायला लागते. हा शब्द १९३८ सालच्या एका इंग्रजी नाटकावरून आला. त्यातला नवरा बायकोला वेड लागतंय असं तिला भासवत असतो आणि घरातल्या गॅसच्या दिव्यांची ज्योत मंद होणं हा कथानकातला महत्त्वाचा धागा आहे. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशानं २०२२ साली हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. तेव्हापासून तो इतका सैल वापरला जातोय की साधा मतभेद झाला तरी 'यू आर गॅसलाइटिंग मी' म्हणून लोक मोकळे होतात. असं करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ज्याला खरंच हे भोगावं लागतं त्याच्याकडे दुसरा नेमका शब्द उरत नाही.

वाक्यात वापरताना मध्ये 'टू' किंवा 'विथ' घालू नका. 'ही गॅसलाइटेड हर' एवढं पुरतं. 'घोस्ट'चंही तसंच: 'शी घोस्टेड मी', म्हणजे काही न सांगता तिनं बोलणं, उत्तरं देणं, सगळं एकदम बंद केलं. मुलाखत झाल्यावर कंपनीनं काहीच कळवलं नाही, तरी हाच शब्द चालतो.

'मॅनिफेस्ट'बद्दलही एकानं विचारलंय. केंब्रिज शब्दकोशाचा २०२४ चा वर्षाचा शब्द हाच होता, तोही नव्या अर्थानं: हवी ती गोष्ट मनात घट्ट धरली की ती घडून येईल असं मानणं. 'आय मॅनिफेस्टेड धिस जॉब' हे मित्रमैत्रिणींत ठीक आहे. पण जुना 'मॅनिफेस्ट' अजून जिवंत आहे आणि तो गंभीर लिखाणात भेटतो. रोगाची लक्षणं मॅनिफेस्ट होतात, म्हणजे दिसू लागतात. दोन्ही अर्थ वहीत शेजारी शेजारी लिहा, नाहीतर वैद्यकीय लेख वाचताना गोंधळ होईल.

'ब्रेन रॉट', म्हणजे फोनवरचं फालतू काहीबाही सतत बघून डोकं बधिर होणं, हा शब्द मात्र वाटतो तितका नवा नाही. ऑक्सफर्डनं तो २०२४ साली निवडला असला, तरी अमेरिकी लेखक थोरोनं १८५४ सालीच तो लिहून ठेवलाय. 'रिझ' हा ऑक्सफर्डचाच २०२३ चा शब्द. 'करिझ्मा'च्या मधला तुकडा उचलून केलेला, अर्थ समोरच्याला भुरळ घालायची हातोटी. तो समजून घ्यावा, पण अर्जात किंवा साहेबांना पाठवायच्या मेलमध्ये लिहू नये. चलनी शब्दांसाठी मी हाच नियम पाळते: ऐकून कळले पाहिजेत, तोंडी येण्याची घाई नको. लर्नर्स डिक्शनरीत शब्दापुढे 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'ओल्ड-फॅशन्ड' अशा खुणा असतात. अर्थाच्या आधी त्या बघाव्यात.

आता मला खरं म्हणायचंय ते. 'रोज दहा नवे शब्द पाठ करतो, तरी बोलताना अडतो,' ही तक्रार करणाऱ्यांचं अडतं कुठे? बहुतेकदा 'पुट', 'गेट', 'टेक', 'कॉल' असल्या बारक्या शब्दांवर, ज्यांचा अर्थ शाळेपासून माहीत आहे असं आपण धरून चालतो. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं, 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सहन करणं. यात आणखी एक खोच आहे. 'मीटिंग' म्हणायचं तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही बरोबर, पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. 'पुट अप विथ'मध्ये मात्र 'इट' शेवटीच: 'आय कान्ट पुट अप विथ इट'. असली दोन वाक्यं चार दिवस तोंडात घोळवली तर दहा पाठ शब्दांपेक्षा जास्त हाती लागतं.

कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जातो, हेही कळायला हवं. भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ म्हणायचे की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. पाऊस 'हेवी', पण वारा 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करायची, गृहपाठ 'डू' करायचा. आणि आपली हमखास फसगत होते ती परीक्षेपाशी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं: विद्यार्थी 'टेक्स द एक्झाम', शिक्षक 'गिव्ह'. 'आय गेव्ह द एक्झाम' हे आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाला तुम्हीच परीक्षक वाटू शकता. 'आय हॅव अ डाउट'चंही तेच. आपल्याला शंका विचारायची असते, ऐकणाऱ्याला वाटतं याला आपलं बोलणं पटलेलं नाही. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं. मेलमधलं 'प्लीज रिव्हर्ट'सुद्धा आपल्याकडे उत्तर द्या या अर्थी रुळलंय, पण एरवी 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'प्लीज रिप्लाय' लिहिलं की घोळच नाही.

वहीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ अशी यादी करू नका. ज्या वाक्यात शब्द भेटला ते अख्खं वाक्य उतरवा, कोण कुणाला म्हणालं तेही लिहा, आणि काही दिवसांनी अर्थ झाकून परत बघा. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं विसरलं जातं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढच्या हळूहळू लांबवत न्याव्यात.

'क्रिंज' राहिला. मूळ क्रियापद, भीतीनं किंवा संकोचानं अंग चोरणं. हल्ली 'दॅट्स सो क्रिंज' असं विशेषण म्हणूनही चालतं, पण ते बोलण्यापुरतं. लिहिताना 'एम्बॅरसिंग' घ्या.