मदत हवी आहे: जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारची मान तुटली, कशाने जोडावी?

नमस्कार मंडळी,

गिटार दुरुस्त करणारं कोणी आहे का इथे? नसेल तर लाकूडकामातलं किंवा सतार-तंबोऱ्यातलं कोणीही चालेल, कारण प्रश्न शेवटी लाकडाचा आणि गोंदाचाच आहे.

घर बदलताना सामान उतरवणाऱ्यांनी गिटार मऊ कव्हरमध्येच भिंतीला टेकवून ठेवली. ती पाठीवर आडवी झाली आणि नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मागे मान तुटली. तारा पूर्ण ताणलेल्या होत्या, त्यामुळे आवाज चांगलाच झाला.

गिटार आमच्या थोरल्या काकांची. ऐंशीच्या दशकात ते सांगली-कोल्हापूरकडच्या एका मेलडी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपतीत तर दहा दिवस घरी नसायचेच. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारची जपानी नक्कल आहे. हेडस्टॉकवरचं (मानेचं चाव्या असलेलं टोक) नाव कधीच खरवडून गेलंय. मागे चार स्क्रूंचा जो पत्रा असतो त्यावर 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक, मेड इन जपान' एवढंच लिहिलंय. खऱ्या लेस पॉलची मान अंगात चिकटवलेली असते, हिची स्क्रूने आवळलेली आहे. वरची फुगीर पाटी प्लायवूडची असून बोटाने टकटक केलं की पोकळ वाजते. म्हणजे सत्तरच्या दशकातली स्वस्तातली गिटार. कुणी 'लॉसूट गिटार आहे, जपून ठेव' असं सांगणार असेल तर आधीच हात जोडतो. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, म्हणजे नॉर्लिनने, अमेरिकेत आयबानेझ विकणाऱ्या एल्गर या एकाच कंपनीवर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला होता. त्या एका दाव्याच्या नावावर लोक आजही त्या काळातली कुठलीही जपानी नक्कल चढ्या भावाने खपवतात. मला विकायची नाही, वाजवायची आहे.

आता तुटलंय कसं ते सांगतो. ट्रस रॉडच्या (मान सरळ ठेवणारी आतली लोखंडी कांब) आवळायच्या नटासाठी हेडस्टॉकवर जो खळगा कोरलेला असतो, तिथून भेग सुरू होते आणि तिरकी मागे उतरत मानेच्या पाठीवर निघते. लांबी दोन-अडीच इंच. समोरचा काळा पातळ थर शाबूत असल्याने हेडस्टॉक निखळलेलं नाही, बिजागरीवर असल्यासारखं झुलतंय. बारीक तारांच्या बाजूला तुटका भाग स्वच्छ आहे, दाबला की रेघ जेमतेम दिसते. जाड तारांच्या बाजूला मात्र लाकडाचे तंतू पिंजून वर आलेत आणि एक छोटा टवका गायब आहे.

खरी गोम पुढे आहे. टॉर्च मारून भेगेत पाहिलं तर साधारण तिसऱ्या हिश्श्यात ताजं, पांढुरकं लाकूड दिसतच नाही. त्यावर पिवळट चकचकीत पापुद्रा आहे. म्हणजे ही मान पूर्वी एकदा तुटलेली आणि कुणीतरी चिकटवलेली आहे. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ऑर्केस्ट्राच्या गाडीत काय काय मोडलं ते कोण लक्षात ठेवतंय!"

आमच्या इथला सुतार म्हणतो, "मागून दोन स्क्रू मारतो, परत हलणार नाही." मला धीर झाला नाही. वाद्यांच्या दुकानात म्हणाले की नवी मान टाका. ते सोपं वाटतं, पण नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं तर ३१४ मिमी भरतं, म्हणजे स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६२८. बाजारात तयार मिळणाऱ्या माना बहुतेक फेंडरच्या मापाच्या, ६४८ च्या. ती बसवायची तर ब्रिज सरकवायला हवा, आणि बुडाची खाचही जुळेल याची खात्री नाही.

तर जाणकारांनी सांगावं: फेव्हिकॉल, अराल्डाइट की सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद)? स्क्रूचा काही उपयोग असतो का? आणि मिरज मला तासाभरावर आहे, तिथल्या सतारमेकरांकडे नेली तर ते हात लावतील का? चिकटवायचं काम शक्यतो घरीच करायचा विचार आहे.

प्रतिसाद १

फेव्हिक्विक लावा, भिंतीवर टांगा आणि काकांचा ऑर्केस्ट्रातला फोटो शेजारी लावा. वाजवायला नवी घ्या. दुरुस्तीला जाईल त्यात थोडी भर घातली की बरी गिटार येते हो.

धागाकर्ता

@प्रतिसाद १: नवी आहे घरात. तरी ही वाजवायची आहे.

प्रतिसाद २

सर्वात आधी सुताराला नाही म्हणा. त्या जागी मान जेमतेम दीड सेंटीमीटर जाड असते आणि मधून ट्रस रॉडची खाच गेलेली असते. स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही. वर तो फिरताना पाचरीसारखा दोन्ही भाग एकमेकांपासून दूर ढकलतो. पुढच्या वेळी तुटेल तेव्हा स्क्रूच्या भोकातूनच तुटेल आणि मग जोडायला सलग पृष्ठभाग मिळणार नाही.

हा दोष तुमच्या गिटारचा एकटीचा नाही. गिब्सनची हेडस्टॉक मागे कललेली असते, मूळ कोन १७ अंशांचा. मान आणि हेडस्टॉक एकाच फळीतून कापल्यावर लाकडाच्या रेषा नेमक्या वळणावर आडव्या कापल्या जातात, त्यात ट्रस रॉडचा खळगाही तिथेच. गिब्सननेही साधारण १९६९ पासून काही वर्षं नटच्या मागे लाकडाचा उंचवटा ठेवून पाहिला होता. जपान्यांनी नक्कल केली ती कोनासकट. फेंडरची हेडस्टॉक सरळ असते, म्हणून ती पडली तरी बहुधा वाचते.

आता गोंद. तुमच्या ६२८ च्या स्केलला ९-४२ चा तारांचा संच (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लावला तर मानेवर एकूण साधारण ३६ किलोचा ताण येतो, १०-४६ ला साधारण ४४ किलो, आणि तो रात्रंदिवस असतो. भेग ताजी, लांब आणि स्वच्छ असेल तर चांगला लाकडाचा गोंद आणि घट्ट क्लॅम्प एवढं पुरतं, जोड शेजारच्या लाकडाइतका मजबूत होतो. पण तुमच्या भेगेत जुना गोंद आहे, आणि सुकलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. म्हणून आधी तो कुठला आहे ते शोधा. कापसाच्या काडीने गरम पाणी लावा. पापुद्रा मऊ होऊन बोटाला चिकटला तर सरस. रबरासारखा होऊन पांढरा पडला तर फेव्हिकॉल जातीचा. पाण्याने काहीच झालं नाही तर अ‍ॅसिटोनचा थेंब लावा, मऊ पडला तर फेव्हिक्विक. (अ‍ॅसिटोन बाहेरच्या पॉलिशला लागू देऊ नका, ते उतरू शकतं.) कशालाच दाद देत नसेल तर अराल्डाइट समजा.

आणि आत पॉलिश पेपर अजिबात घासू नका! तंतू एकमेकांत जसे तुटले तसेच बसायला हवेत. ते घासले की जोड गेला.

प्रतिसाद ३

मिरजेबद्दल. सतार-तंबोरा करणारे सरस रोज वापरतात आणि लाकूड जोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. २०२४ मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण फ्रेट आणि ट्रस रॉड हा त्यांचा रोजचा विषय नाही. नुसतं लाकूडकाम सांगा, बाकीचं स्वतः करा.

सरसाबद्दल मात्र सावध. तो साधारण ६० अंशांवर गरम ठेवून लावावा लागतो आणि थंड होताच थिजतो. अडीच इंचाच्या पिंजलेल्या भेगेत तो आतपर्यंत पोचवून वेळेत क्लॅम्प आवळणं नवख्याचं काम नाही. शिवाय दमट हवेत आणि उन्हात तापलेल्या गाडीत तो मऊ पडतो. तंबोरा बैठकीत असतो, गिटार डिकीत.

धागाकर्ता

@प्रतिसाद २, @प्रतिसाद ३: फार आभार. गरम पाणी लावून पाहिलं. पापुद्रा पांढरा पडला, नखाने थोडा निघालाही. म्हणजे फेव्हिकॉलच. आता?

प्रतिसाद २

मग बरं आहे, अराल्डाइट निघालं असतं तर घाम फुटला असता.

तारा काढा, चाव्या काढा, मान अंगापासून सोडवा. ट्रस रॉडचा नट पूर्ण ढिला करून काढा आणि आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा, नाहीतर नवा गोंद रॉडलाही धरेल. मग कोमट व्हिनेगर जुन्या टूथब्रशने भेगेत लावत जा. पापुद्रा मऊ झाला की चिमट्याने उचला. घाई करून ओढला तर लाकडाचे तंतू बरोबर येतील. शेवटी साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. पावसाळा चालू असेल तर थांबायची तयारी ठेवा, ओल आत राहिली की गोंद लाकडात मुरत नाही.

चिकटवण्याआधी एकदा कोरडंच सगळं आवळून बघा. हेडस्टॉक कललेली असल्याने सी-क्लॅम्प घसरतो. मागच्या वळणाला बसेल असा लाकडी ठोकळा कोरून घ्या आणि मध्ये बटर पेपर ठेवा. क्लॅम्प कमी पडले तर सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून ताणून गुंडाळा, त्या वळणावर ती क्लॅम्पपेक्षा बरी धरते. गोंद सिरिंजने भरा, हेडस्टॉक हलकेच उघड-मीट करा म्हणजे टोकापर्यंत ओढला जाईल, मग आवळा. बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

आत कुठे पापुद्रा राहिलाच तर फेव्हिकॉलऐवजी सावकाश सुकणारं अराल्डाइट घ्या, पाच मिनिटांवालं नको. असल्या जागी ते जास्त बरं धरतं, पण पुन्हा कधी उघडायची वेळ आली तर त्रास होईल.

आणि एकदा चिकटवून पुन्हा तुटलेली मान मी तरी नुसत्या गोंदावर सोडणार नाही. मागच्या बाजूने, रॉडच्या दोन्हीकडे, भेगेवरून जाणाऱ्या दोन खाचा पाडून त्यात लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, रेषा मानेच्या लांबीच्या दिशेने. हे काम मिरजेला द्या. पट्ट्या मेपलच्या करून घ्या. सागवान सुचवतील तर नको म्हणा, तेलकट असल्याने त्याला गोंद नीट धरत नाही. खाचा किती खोल पाडायच्या ते रॉड कुठे आहे त्यावर ठरेल, म्हणून नट काढल्यावर समोरून आणि बाजूने, शेजारी पट्टी धरून फोटो टाका. त्यावर रेघा आखून देतो, तोच कागद कारागिराला दाखवा.

धागाकर्ता

नट अर्धा फिरला आणि अडकलाय. गंज असावा. जोर लावू का?

प्रतिसाद २

जोर अजिबात लावू नका, रॉड तुटला तर सगळंच बसेल. गंज सोडवायच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने फक्त आट्यांवर सोडा. भेगेत उतरू देऊ नका, तेल लागलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. गिटार उलटी धरून करा म्हणजे ओघळ आत जाणार नाही. रात्रभर ठेवून उद्या पुन्हा बघा.